अणुकचरा खरंच रिसायकल होतो का? तारापूरपासून सुरू होणारी गोष्ट

गेल्या काही महिन्यांत मला एकाच विषयावरचे दोन रील्स पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होऊन आले. एकात म्हटलंय, "फ्रान्स आपला ९६ टक्के अणुकचरा रिसायकल करतो, भारतात मात्र लोक उगाच घाबरतात." दुसऱ्यात म्हटलंय, "अणुकचरा लाखो वर्षं जिवंत राहतो, त्याचं काहीच करता येत नाही." गंमत म्हणजे दोन्ही रील्समधले आकडे पूर्ण खोटे नाहीत. ते अर्धे सांगितलेत, एवढाच प्रॉब्लेम.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, अणुशास्त्रज्ञ नाही. पण हा विषय समजायला न्यूक्लियर फिजिक्सची डिग्री लागत नाही, थोडा धीर लागतो. आणि आपल्याला तर तो समजायलाच हवा. कारण देशातलं पहिलं अणुवीज केंद्र पालघर जिल्ह्यात तारापूरला आहे, १९६९ पासून चालू झालेलं. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणारा देशातला पहिला कारखाना मुंबईत तुर्भ्याला आहे, १९६४ चा. आणि रत्नागिरीतल्या जैतापूरचा वाद अजून संपलेला नाही. चर्चा आपल्याच अंगणातली आहे.

आधी 'कचरा' म्हणजे काय ते बघू

अणुभट्टीत युरेनियमच्या छोट्या गोळ्या धातूच्या नळ्यांत भरलेल्या असतात. युरेनियमचे दोन मुख्य प्रकार: २३५ आणि २३८. खाणीतून येणाऱ्या युरेनियममध्ये २३५ फक्त ०.७ टक्के असतं. सहज फुटतं ते हेच. बाकीचं ९९.३ टक्के म्हणजे २३८, आणि ते साध्या भट्टीत जवळजवळ नुसतंच बसून असतं.

आता तुमचा फोन घ्या. समजा तो ९५ टक्के चार्ज असतानाच बंद पडतो आणि कंपनी म्हणते, "बॅटरी संपली, फेका." वापरलेल्या अणुइंधनाची अवस्था साधारण अशीच असते. फ्रान्स-अमेरिकेतल्या नेहमीच्या भट्टीतून बाहेर काढलेल्या इंधनात सुमारे ९५ टक्के युरेनियमच असतं, एक टक्क्याच्या आसपास नवीन तयार झालेलं प्लुटोनियम असतं, आणि खरी राख म्हणावी असे विखंडनातून झालेले तुकडे फक्त ३ ते ४ टक्के. आपल्याकडच्या जड पाण्याच्या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात, इंधन लवकर बदलतात, त्यामुळे त्यांच्या वापरलेल्या इंधनात युरेनियम सुमारे ९९ टक्के आणि प्लुटोनियम अर्ध्या टक्क्याहूनही कमी निघतं.

मग एवढं शिल्लक असताना काढायचं कशाला? एक तर फुटू शकणारा माल कमी होत जातो. दुसरं, ते राखेचे तुकडे न्यूट्रॉन खातात, म्हणजे साखळी प्रक्रिया मंदावते. तिसरं, वर्षानुवर्षं मारा सोसून धातूची नळी थकते. चूल राखेनं भरली की खाली लाकूड उरलेलं असूनही धग धरत नाही, तसंच काहीसं.

प्रमाणाचाही अंदाज असू द्या. १००० मेगावॅटची नेहमीची अणुभट्टी वर्षाला साधारण २० ते २५ टन वापरलेलं इंधन बाहेर टाकते. तेवढ्याच क्षमतेचं आपल्याकडचं कोळशाचं केंद्र वर्षाला लाखो टन राख काढतं. (कोराडी किंवा चंद्रपूरच्या लोकांना राख म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही.) म्हणजे अणुकचरा आकारानं फार नाही. त्याची अडचण आकाराची नाहीच, तो किती तीव्र आहे आणि किती काळ टिकतो याची आहे.

वेगळं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

इंधन बाहेर काढल्यावर आधी काही वर्षं ते पाण्याच्या खोल तलावात ठेवतात. पाणी थंडही ठेवतं आणि किरणोत्सर्गही अडवतं. मग ते पुनर्प्रक्रिया कारखान्यात जातं. तारापूरचा असा पहिला कारखाना १९७० च्या दशकातला, आणि तिथल्याच दुसऱ्या, वर्षाला १०० टन क्षमतेच्या कारखान्याचं उद्घाटन जानेवारी २०११ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी केलं. तमिळनाडूत कल्पाक्कमलाही असा कारखाना आहे.

आत जे होतं ते बरंचसं बारावीच्या केमिस्ट्रीतलं आहे, फरक इतकाच की माणूस जवळ जाऊ शकत नाही. जाड काँक्रीटच्या भिंती, जाड शिशाच्या काचेची खिडकी, आणि बाहेरून चालवायचे यांत्रिक हात. आधी इंधनाच्या नळ्यांचे तुकडे करतात. ते गरम नायट्रिक आम्लात टाकतात, आतलं इंधन विरघळतं, नळीचे तुकडे तळाशी राहतात. मग या द्रावणात एक तेलकट द्रव मिसळतात: केरोसीनच्या जातीच्या तेलात ट्रायब्युटाइल फॉस्फेट नावाचं रसायन. पाणी आणि तेल मिसळत नाहीत, दोन थर होतात. युरेनियम आणि प्लुटोनियम तेलाच्या थरात जातात, राखेचे तुकडे आम्लातच राहतात. नंतर प्लुटोनियमचं रासायनिक रूप बदललं की त्याला तेलात करमत नाही, ते परत पाण्यात उतरतं. झालं: तीन वाटे वेगळे. या पद्धतीला 'प्युरेक्स' म्हणतात. ती १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत विकसित झाली आणि अजूनही जगभर मुख्यतः तीच वापरतात.

उरलेलं आम्ल हाच खरा डेंजर माल. जवळजवळ सगळा किरणोत्सर्ग त्यात असतो, आणि तो द्रव असतो. द्रव म्हणजे गळू शकतो. म्हणून तो वाळवून काच बनवणाऱ्या पदार्थांबरोबर सुमारे १००० अंशांवर वितळवतात. बोरोसिलिकेट काच, म्हणजे प्रयोगशाळेतल्या काचेची नातेवाईक. ही काच स्टीलच्या डब्यात ओतून डबा वेल्ड करतात. इथे कचरा काचेत नुसता 'भरलेला' नसतो, तो काचेच्या रचनेचाच भाग होतो. डबा फुटला तरी आतून काही वाहत येत नाही. तारापूर, तुर्भे आणि कल्पाक्कम, तिन्ही ठिकाणी हे काम चालतं. तारापूरला हे डबे ठेवायची वेगळी इमारत आहे आणि त्यांना थंड ठेवायला पंखेसुद्धा लागत नाहीत: गरम हवा उंच धुराड्यातून वर जाते, खालून गार हवा आपोआप ओढली जाते. मला व्यक्तिशः हा भाग सगळ्यात आवडतो. वीज गेली तरी गरम हवा वर जायची थांबत नाही.

९६ टक्क्यांच्या रीलमध्ये काय लपलंय

फ्रान्समध्ये ला आग इथे वर्षाला १७०० टन क्षमतेचा प्रचंड कारखाना आहे. तिथे ९६ टक्के माल 'वापरता येण्याजोगा' म्हणून वेगळा निघतो, हे खरं. पण वापरता येण्याजोगा आणि वापरलेला यात फरक आहे. आपल्या कपाटातले जुने चार्जर आठवा.

वेगळं काढलेलं प्लुटोनियम युरेनियमबरोबर मिसळून 'मॉक्स' नावाचं इंधन बनतं, आणि फ्रान्सच्या अणुविजेपैकी साधारण १० टक्के वीज त्यातून येते. ही छोटी गोष्ट नाही. पण मॉक्स एकदा वापरलं की ते सहसा पुन्हा प्रक्रियेला जात नाही, तलावात वाट बघत बसतं. आणि वेगळ्या काढलेल्या युरेनियमपैकी बराच मोठा भाग साठ्यात पडून आहे. त्यातून केलेलं इंधन फ्रान्सनं मध्ये जवळपास दशकभर थांबून २०२४ मध्ये क्रुआ इथल्या भट्टीत परत वापरायला घेतलं. म्हणजे ९६ टक्के हा आकडा क्षमतेचा आहे, सवयीचा नाही.

जगाचा हिशोब आणखी साधा आहे. आतापर्यंत अणुवीज केंद्रांतून सुमारे ४ लाख टन वापरलेलं इंधन निघालं, आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांशावरच पुनर्प्रक्रिया झाली.

का? कारण ताजं युरेनियम स्वस्त मिळत असेल तर पुनर्प्रक्रिया महाग पडते. ब्रिटननं सेलाफील्डचा थॉर्प कारखाना २०१८ मध्ये बंद केला. जपाननं रोक्काशोचा कारखाना १९९३ मध्ये बांधायला घेतला आणि त्याची तारीख इतक्या वेळा पुढे गेलीय की आमच्या क्षेत्रातली सगळी डेडलाइन पाप त्यापुढे फिकी पडतात. भारताचं गणित मात्र वेगळं होतं. आपल्याकडे युरेनियम कमी, आणि २००८ पर्यंत बाहेरून घ्यायला बंदी. त्या काळात इंधनाअभावी आपली केंद्रं निम्म्याच्या आसपास क्षमतेवर चालवावी लागली होती. ज्याच्या घरात पीठ मोजून आहे तो परातीला चिकटलेलं पीठही खरवडून घेतो. १९९० च्या दशकात तारापूरच्या जुन्या भट्ट्यांमध्ये मॉक्स वापरून बघितलं गेलं, ते याच गरजेतून.

'लाखो वर्षं' या रीलमध्ये काय लपलंय

वापरलेल्या इंधनात सगळेच पदार्थ सारखे टिकाऊ नसतात. सिझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे ३० वर्षांत ते निम्मं, ६० वर्षांत पाव. स्ट्रॉन्शियम-९० चंही साधारण तेवढंच. पहिल्या काही शतकांतली उष्णता आणि किरणोत्सर्ग मुख्यतः यांचा. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य मात्र २४,१०० वर्षं. अमेरिशियम-२४१ चं ४३२ वर्षं.

वापरलेलं इंधन आहे तसं ठेवलं, तर त्याची विषारी ताकद खाणीतल्या मूळ युरेनियमच्या पातळीवर यायला लाखभर वर्षांहून जास्त लागतात. रील इथे बरोबर आहे. यातून युरेनियम-प्लुटोनियम काढलं तर हा काळ सुमारे दहा हजार वर्षांच्या घरात येतो. आणि अमेरिशियमसारखे छोटे खलनायकही वेगळे काढून जाळता आले, तर तो काही शतकांवर येतो. काही शतकं म्हणजे रायगड जेवढा जुना आहे तेवढा काळ. माणसाच्या हिशोबात मोठा, पण कल्पनेबाहेरचा नाही. टेक्नेशियम, आयोडीनसारखे काही फार दीर्घायुषी पदार्थ तरीही थोडे उरतातच, म्हणून 'शून्य कचरा' असं कोणी म्हणालं तर सरळ पुढे स्क्रोल करा.

हे छोटे खलनायक वेगळे काढायचं प्रात्यक्षिक केंद्र तारापूरला २०१३ पासून आहे. पण ते जाळायचे कुठे? साध्या भट्टीत ते नीट जळत नाहीत. त्यासाठी वेगवान न्यूट्रॉनची भट्टी लागते.

फास्ट भट्टी: मोठं आश्वासन, खडतर इतिहास

साध्या भट्टीत पाणी न्यूट्रॉनचा वेग मुद्दाम कमी करतं. फास्ट भट्टीत तो कमी होऊ देत नाहीत. वेगवान न्यूट्रॉन जवळपास सगळ्याच जड मूलद्रव्यांना फोडू शकतात. शिवाय नुसतं बसून असलेलं युरेनियम-२३८ न्यूट्रॉन गिळून काही दिवसांत प्लुटोनियम-२३९ होतं. म्हणजे जाळलं त्याहून जास्त इंधन तयारही करता येतं, म्हणून नाव 'ब्रीडर'. होमी भाभांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या तीन टप्प्यांच्या योजनेतला दुसरा टप्पा हाच. तिसरा थोरियमचा.

पाणी नको, तर थंड कशानं करायचं? वितळलेल्या सोडियमनं. सोडियम उष्णता झकास वाहून नेतं आणि ८८३ अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणून पाण्यासारखा प्रचंड दाब लागत नाही. पण हवेशी आणि पाण्याशी त्याचं अजिबात पटत नाही. शाळेत बाईंनी पाण्यात सोडियमचा तुकडा टाकून दाखवला असेल तर आठवा, आणि तुकड्याऐवजी शेकडो टन डोळ्यांसमोर आणा.

इतिहासही तसाच आहे. जपानच्या मोंजू भट्टीत डिसेंबर १९९५ मध्ये सोडियम गळून आग लागली. ती नंतर जेमतेम चालली आणि २०१६ मध्ये कायमची बंद करायचं ठरलं. फ्रान्सची सुपरफिनिक्स १९९० च्या दशकातच गुंडाळली गेली. दुसऱ्या बाजूला रशियाची बीएन-६०० ही भट्टी १९८० पासून वीज देतेय, आणि तिची मोठी बहीण बीएन-८०० मॉक्सवर चालते. म्हणजे जमतं, पण सहज जमत नाही.

आपली ५०० मेगावॅटची फास्ट ब्रीडर भट्टी कल्पाक्कमला. बांधकाम २००४ मध्ये सुरू झालं, २०१० च्या आसपास चालू होईल असा अंदाज होता, आणि कोअर भरायला सुरुवात झाली मार्च २०२४ मध्ये. उशीर झाला म्हणून हसणारे बरेच आहेत. मी त्यात नाही. सोडियमच्या बाबतीत 'आधी रिलीज करू, बग नंतर बघू' चालत नाही.

सुरक्षित भट्टी म्हणजे काय?

भट्टी बंद केली तरी ती लगेच थंड होत नाही, ही या क्षेत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बंद करताक्षणीसुद्धा राखेच्या तुकड्यांतून पूर्ण क्षमतेच्या ६ ते ७ टक्के उष्णता निघत राहते. चूल विझवली तरी निखारे तापलेले असतात, तशी. २०११ मध्ये फुकुशिमात भूकंप होताच भट्ट्या बरोबर बंद झाल्या होत्या. मग त्सुनामी आली, डिझेल जनरेटर बुडाले, पंप थांबले, आणि निखाऱ्यांनीच घात केला.

म्हणून आता डिझाइनचा प्रश्न असा विचारतात: वीज गेली, माणसं गोंधळली, कोणीच काही केलं नाही, तरी भट्टी वाचेल का?

याचं सगळ्यात सुंदर उत्तर ३ एप्रिल १९८६ ला अमेरिकेत आयडाहोमध्ये मिळालं. तिथे ईबीआर-२ नावाची छोटी सोडियम भट्टी होती. शास्त्रज्ञांनी ती पूर्ण क्षमतेवर चालू असताना, आपोआप बंद करणारी यंत्रणा मुद्दाम निकामी करून, सोडियम फिरवणारे पंप थांबवले. तापमान झर्रकन वर गेलं. गरम होताच भट्टीचा गाभा प्रसरण पावला, न्यूट्रॉन जास्त निसटायला लागले आणि साखळी प्रक्रिया आपसूक मंदावली. काही मिनिटांत भट्टी शांत. त्याच दिवशी त्यांनी दुसरी चाचणीही केली, उष्णता बाहेर न्यायची वाटच बंद करून. निकाल तोच, नुकसान काही नाही. यानंतर २३ दिवसांनी चेर्नोबिल झालं आणि सगळ्या जगाच्या लक्षात राहिलं ते चेर्नोबिल. ईबीआर-२ भोवतीचा संशोधन प्रकल्प १९९४ मध्ये अमेरिकेनं बंद केला.

एक प्रामाणिक टीप: ईबीआर-२ मध्ये धातूचं इंधन होतं, कल्पाक्कमच्या भट्टीत ऑक्साइडचं आहे, त्यामुळे एकाचा निकाल दुसरीला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. पण विचार पसरलाय. कुडनकुलमच्या भट्ट्यांत विजेशिवाय हवेच्या नैसर्गिक प्रवाहावर उष्णता बाहेर नेणारी व्यवस्था आहे, आणि सगळं फसलंच तर वितळलेला गाभा झेलायला खाली 'कोअर कॅचर' आहे. छोट्या मॉड्युलर भट्ट्यांचा सध्या जो गाजावाजा आहे (२०२५ च्या अर्थसंकल्पात त्यांच्यासाठी २०,००० कोटी रुपये ठेवले), त्यांचाही मोठा दावा हाच: गाभा छोटा म्हणून निखारे कमी. कचऱ्याचा प्रश्न मात्र भट्टी छोटी केल्यानं सुटत नाही, हे जाहिरातीत सहसा नसतं.

आता वाईट बाजू, कारण ती सोडून देणं म्हणजे तिसरं रील बनवणं

पुनर्प्रक्रियेत कचरा काही काळ द्रव असतो, आणि मोठे अपघात तिथेच झालेत. २९ सप्टेंबर १९५७ ला सोव्हिएत रशियातल्या मायाक इथे द्रव कचऱ्याच्या टाकीचं कूलिंग बंद पडलं, टाकी तापून फुटली आणि मोठा प्रदेश दूषित झाला. २००५ मध्ये थॉर्पमध्ये तुटलेल्या पाइपमधून सुमारे ८३,००० लिटर द्रव गळला आणि महिनोन्महिने कोणाच्या लक्षातच आलं नाही. तो काँक्रीटच्या आतच अडला, बाहेर आला नाही. पण अलार्म असून माणसांनी तो गांभीर्यानं घेतला नाही, ही गोष्ट ऑन-कॉल ड्युटी केलेल्या कोणालाही ओळखीची वाटेल.

दुसरा प्रश्न बॉम्बचा. वेगळं काढलेलं प्लुटोनियम शस्त्रासाठी वापरता येतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था ८ किलो प्लुटोनियम म्हणजे चिंतेचं प्रमाण धरते. १९७४ च्या पोखरण चाचणीतलं प्लुटोनियम तुर्भ्याच्या कारखान्यातूनच आलं होतं, आणि १९७७ मध्ये अमेरिकेत जिमी कार्टर यांनी व्यावसायिक पुनर्प्रक्रिया थांबवली त्यामागे या चाचणीनं निर्माण झालेली काळजीही होती. ब्रिटनकडे वेगळं काढलेलं सुमारे १४० टन नागरी प्लुटोनियम पडून आहे. ते इंधन म्हणून न वापरता कायमचं घट्ट बंदिस्त करायचं, असं त्यांच्या सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. रिसायकलिंगसाठी दशकानुदशकं जमवलेला माल शेवटी गाडायचा! ज्यांना रिसायकलिंगचा सरसकट उदोउदो करायचाय त्यांनी हे उदाहरण खिशात ठेवावं.

माझं मत विचाराल तर: भारतासाठी पुनर्प्रक्रिया योग्य आहे, पण फास्ट भट्ट्या वेळेवर चालल्या तरच. नाहीतर आपण प्लुटोनियमचे साठवणदार होऊ.

कचऱ्यातून निघालेलं औषध

तुर्भ्याला काचेत बंद करण्याआधी कचऱ्यातून सिझियम-१३७ वेगळं काढतात आणि त्याच्या काचेच्या पेन्सिली बनवतात. त्या रक्तपेढ्यांतल्या यंत्रांत जातात. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या रुग्णाला रक्त देताना त्यातल्या दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच हल्ला करू शकतात, म्हणून आधी त्या रक्तावर किरणांचा मारा करतात. काचेचाच आग्रह का? १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात एका बंद पडलेल्या दवाखान्यातलं सिझियमचं यंत्र भंगारवाल्यांनी फोडलं. आत क्षाराची भुकटी होती, अंधारात निळी चमकणारी. लोकांनी ती घरी नेली, अंगाला लावली. चार जण गेले. काचेतलं सिझियम असं विरघळत नाही आणि हाताला लागत नाही. डोळ्यांच्या कर्करोगावर वापरायच्या रुथेनियम-१०६ च्या बारीक चकत्याही याच कचऱ्यातून बनतात.

डबे शेवटी कुठे जाणार?

फिनलंडनं ओंकालो इथे खडकात सुमारे ४३० मीटर खोल कायमचं कोठार खोदलंय. निसर्गानं हा प्रयोग आधीच करून ठेवलाय: आफ्रिकेत गॅबॉनमधल्या ओक्लो इथे सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या युरेनियमनं आपोआप भट्टी पेटवली होती. १९७२ मध्ये ते कळलं, आणि तपासल्यावर दिसलं की राखेतले बरेच पदार्थ, प्लुटोनियमसकट, जागेवरून फारसे हललेच नव्हते.

भारतानं असं कायमचं ठिकाण अजून ठरवलेलं नाही. पुनर्प्रक्रियेमुळे काचेचे डबे कमी निघतात आणि त्यांना तसंही खोल पुरण्याआधी काही दशकं थंड व्हायला ठेवावं लागतं, म्हणून घाई नाही, असं अधिकृत धोरण आहे. तारापूरचे सगळ्यात जुने डबे तोवर त्या धुराड्याच्या हवेत निवत बसलेत. ते बाहेर काढून कुठल्या खडकात ठेवायचे, हे ठरेल तेव्हा आज हा लेख फोनवर वाचणारे बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीत असतील, आणि ग्रामसभेत किंवा जनसुनावणीत प्रश्न विचारायला तेच असतील.